लिडियाबाईंचा पातळ साबण

सन १९४४ च्या ज्येष्ठ महिन्यात आमच्या चांदेटाकळीच्या धर्मार्थ दवाखान्यातली साबणाची शेवटची वडी संपली. ती संपल्याची दखल घेणारी एकच व्यक्ती त्या दवाखान्यात होती, ती म्हणजे नर्स लिडियाबाई भिंगारदिवे.

दवाखाना एका खोलीचा होता. डॉक्टर फक्त गुरुवारी येत, तेही नदी उताराला असेल तर. बाकीचे सहा दिवस दवाखाना म्हणजे लिडियाबाई. त्यांचे पती यशया हे माझ्याच शाळेत मास्तर होते. ते विषमज्वराने गेले, त्यानंतर बाई नगरला जाऊन सुईणपणाची रीतसर परीक्षा देऊन आल्या आणि याच गावात परतल्या. त्यांचा एक नियम होता. बाळंतिणीला हात लावण्यापूर्वी कोपरापर्यंत हात तीन वेळा साबणाने धुवायचे. एकदा नाही, दोनदा नाही, तीनदा. नऊ वर्षांत त्यांच्या हातून सुटलेल्या एकाही बाईला बाळंतज्वर झाला नव्हता. त्याआधी आमच्या गावात दरसाल दोन-तीन बाया त्याच तापाने जात. गावाने या फरकाचे श्रेय खंडोबाला दिले, चांगल्या नक्षत्राला दिले, नव्या विहिरीच्या पाण्यालाही दिले. साबणाला कोणी दिले नाही.

साबण संपल्याचे बाईंनी दवाखान्याच्या पंचांच्या अध्यक्षांना कळवले. अध्यक्ष म्हणाले, "लढाई चालू आहे, बाई. सरकारलाच साबण मिळत नाही. राखेनं धुवा की. आमच्या बायका काय करतात?"

"तुमच्या बायका भांडी घासतात," बाई म्हणाल्या. "मला बाळंतपण करायचं असतं."

नेवाशाच्या बाजारात साबण मिळत नव्हता असे नाही. नगरच्या लष्करी छावणीतून वाट चुकलेल्या वड्या तिथे पोत्याखालून निघत. पण चोरीच्या साबणाने हात स्वच्छ होतात यावर बाईंचा विश्वास नव्हता, आणि त्या वडीची किंमत त्यांच्या पगाराला झेपणारीही नव्हती. तेव्हा त्यांनी ठरवले की साबण घरीच करायचा. नगरला शिकत असताना तिथल्या धुण्याच्या खोलीत मोठ्या कढईत साबण शिजताना त्यांनी पाहिला होता. राखेचा खार, तेल आणि धीर, एवढेच लागते, असे त्या म्हणत. यातली तिसरी वस्तू त्यांच्याजवळ भरपूर होती. पहिल्या दोन वस्तूंनी त्यांचा जो छळ मांडला, तो मी डोळ्यांनी पाहिला आहे.

आधी राख. बाईंनी चार घरी सांगितले, की चुलीतली राख फेकू नका, मला द्या. गावातल्या बायकांना बाईंविषयी माया होतीच. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या मागे राखेचा डोंगर उभा राहिला. बाईंनी बुडाला भोक पाडलेल्या मडक्यात खाली खडे, त्यावर गवत आणि वर ती राख भरली. विहिरीचे पाणी मचूळ, त्यात साबण फाटतो, म्हणून प्रवरेचे पाणी आणून त्यावर थोडे थोडे ओतले. खालच्या परातीत ठिबकलेले पाणी आटवले आणि घरातले होते नव्हते ते दीड शेर करंजाचे तेल त्यात घालून सकाळपासून दुपार कलेपर्यंत कडुलिंबाच्या दांड्याने ढवळले. तेल वर, पाणी खाली. दोघांची ओळखही झाली नाही.

मी शाळा सुटल्यावर तिकडे गेलो, तेव्हा बाई कढईपुढे मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी उरलेल्या राखेतली चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली.

"गुरुजी, ही सगळी गोवऱ्यांची राख."

"राख ती राख," मी म्हणालो.

"तेच तर सगळं गाव म्हणतं. गोवरीच्या राखेत खार कुठला? जिभेला चटका बसायला हवा. लाकडाची राख पाहिजे. आणि या गावात लाकूड जाळतो कोण?"

खरेच होते. आमच्याकडच्या उघड्या माळावर लाकूड जाळणे ही चैन. घरोघरी गोवऱ्या. बायकांनी उदार मनाने जे आणून दिले ते भांडी घासण्यापलीकडे निरुपयोगी होते, आणि ते शिकण्यासाठी दीड शेर तेल खर्ची पडले.

पुढे बाईंनी पद्धतशीर काम केले. नदीकाठच्या मळ्यातले केळीचे घड काढलेले खुंट मागून आणले, चिरून वाळवले आणि जाळले. वाळलेला आघाडा जाळला. गुऱ्हाळाच्या शेजारी पडलेली बाभळीच्या ढलप्यांची राख मीच सायकलवरून आणून दिली. या राखेचे पाणी चहासारखे तांबूस उतरले. शेजारचा रज्जाक खाटीक याच्याकडून बाईंनी एक कच्चे अंडे आणून त्या पाण्यात सोडले. अंडे बुडाले. पाणी आणखी आटवले. तिसऱ्या दिवशी अंडे तरंगले आणि त्याचा रुपयाएवढा भाग पाण्याच्या वर दिसू लागला.

"बस," बाई म्हणाल्या. "आता हा खार तेलाला सोडणार नाही."

रज्जाक कुंपणापलीकडून बघत होता. तो म्हणाला, "बाई, तेलाच्या मागं कशाला लागता? चरबी नेत जा ना. आमच्याकडं रोजची निघते, कुत्री खातात. फुकट देतो. लई जोरदार साबन हुईल."

"होईल, रज्जाकभाई. पण मग तो साबण लावलेला हात कोणत्या घरात शिरेल?"

रज्जाकने मान डोलावली. "ते बी खरं. मी दिलेली चरबी आन् तुमचा हात. पुऱ्या गावाला दोन दिवस जेवन जायाचं न्हाई."

तो हसला, बाईही हसल्या. मला मात्र हसू आले नाही. एक ख्रिस्ती नर्स मराठ्याच्या, माळ्याच्या, ब्राह्मणाच्या माजघरात जाते, हे गावाने नऊ वर्षांत कसेबसे गिळले होते. साबणात चरबी आहे एवढी कुजबुज झाली असती तर दारे बंद झाली असती, आणि त्या दारांच्या आत पुन्हा जुना तापाचा फेरा सुरू झाला असता. म्हणून तेलच हवे होते, आणि तेल नियंत्रणाखाली होते. आमच्या भागातल्या घाण्यांना तालुक्याच्या नियंत्रण कचेरीच्या चिठ्ठीशिवाय अर्ध्या शेराहून अधिक तेल एका माणसाला देण्याची मनाई होती. करंजाचे तेल कोणी खात नाही, पण नियम करणाऱ्यांनी ते चाखून पाहिले नसावे.

बाई मला म्हणाल्या, "गुरुजी, अर्ज तुम्ही लिहा. तुमचं मराठी कचेरीला कळेल असं आहे."

अर्ज मी लिहिला. बाईंची सूचना होती, की नुसते 'साबण' लिहा. पण ते मला अपुरे वाटले. कॉस्टिक सोड्याने केलेला साबण घट्ट होतो आणि त्याची वडी पडते. त्या धंद्याला वेगळा परवाना लागे. राखेच्या खाराने केलेला साबण कितीही आटवला तरी मळलेल्या कणकेच्या पुढे जात नाही. तो पाण्यात सोडवून बाटलीत भरून वापरावा लागतो. हा भेद अर्जात स्पष्ट असणे आवश्यक होते. म्हणून मी लिहिले: 'दवाखान्याच्या उपयोगाकरिता पातळ साबण करण्यासाठी करंजाचे तेल दरमहा पाच शेर मिळावे.' या वाक्यात आजही मला दोष दिसत नाही.

सात आठवड्यांनी उत्तर आले. 'आपण पातळ, साबण व करंजाचे तेल अशा तीन नियंत्रित जिनसांची मागणी एकाच अर्जात केली आहे. नियमाने असे करता येत नाही. साबण व तेल नामंजूर. पातळ नग एक, ही मागणी कापड शाखेकडे वर्ग केली आहे.'

मी ते पत्र तीन वेळा वाचले. 'पातळ' या शब्दानंतर कोणा कारकुनाने आपल्या पदरचा एक स्वल्पविराम घातला होता, आणि माझ्या विशेषणाचे नेसण्याचे वस्त्र झाले होते. मी ज्या शाळेत व्याकरण शिकवतो, तिथे चौथीतले मूल ही चूक करणार नाही. माझा संताप संताप झाला. लिडियाबाई मात्र ओट्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"गुरुजी, 'नुसता साबण लिहा' म्हणाले होते मी."

"चूक कचेरीची आहे."

"असेल. पण हात माझे धुवायचे राहिलेत."

ते खरेच राहिले होते. अर्ध्या अर्ध्या शेराच्या तेलातून जेमतेम एकेक बाटली साबण होई. रिठ्याचे पाणी घालून बाई ती पुरवीत. दोन बाळंतपणे एका आठवड्यात आली, की तिसरीच्या वाट्याला नुसते उकळलेले पाणी उरे, आणि त्या दिवसांत बाईंना जेवण गोड लागत नसे.

पुढच्याच महिन्यात कापड शाखेचा हुकूम आला. नऊवारी पातळ एक, मंजूर. नियंत्रित किमतीत. ज्या दिवसांत गावातल्या बायका ठिगळावर ठिगळ लावून घराबाहेर पडायला लाजत होत्या, त्या दिवसांत न मागितलेले कोरे पातळ बाईंच्या नावाने मंजूर झाले होते. मी म्हणालो की ते घेऊ नका. बाई एक दिवस विचार करून गेल्या, ते विकत घेतले, आणि येताना सरळ सहादेव तेल्याच्या घाण्यावर गेल्या. मी सोबत होतो.

सहादेवाची बायको झुंबरबाई बाहेर आली. तिच्या अंगावरच्या लुगड्याचा मूळ रंग सांगता आला नसता. तिने कोऱ्या पातळावरून हात फिरवला.

"नर्सबाई, ह्ये इकाय आनलं का दावाय आनलं?"

"द्यायला आणलंय."

"आन् घ्यायला काय आनलंय?"

बाईंनी पिशवीतून रिकामा डबा काढून पुढे ठेवला. झुंबरबाईने डब्याकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले. सहादेव म्हणाला, "चिठ्ठीबिगर आठ शेर द्याचं म्हंजी आवघड हाय."

"इकायचं आवघड हाय," झुंबरबाई म्हणाली. "आपुन इकतुय व्हय? नर्सबाईनी लुगडं दिलं, म्या त्याल दिलं. कायद्याच्या पोटात का दुखावं? आन् तुमच्या पोरी कुनाच्या हातनं झाल्या, ते सांगा की गुर्जीस्नी."

 सहादेवाने डबा भरला.

त्या आठ शेरांचा साबण बाईंनी दोन दिवसांत केला, आणि तो साबण उत्तम झाला, हे मी साक्षीदार म्हणून लिहितो. खार आणि तेल आधी ताकासारखे एकजीव झाले, मग पिठल्यासारखे रटरटू लागले, आणि शेवटी दांडा उभा राहील इतके दाटले. बाईंनी त्यातला थेंब स्वच्छ पाण्यात सोडला. तेलाचा तवंग आला नाही. जिभेवर ठेवला. चटका नाही. मग उकळलेल्या पाण्यात सोडवून, फडक्यातून गाळून, औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरला. रंग काळपट, वास उग्र; फेस मात्र नदीच्या पाण्यात मुठीत मावणार नाही एवढा.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. ती माझ्यामुळे संपली नाही. कापड शाखेचा हुकूम आला त्याच दिवशी मी, बाईंना न सांगता, वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे सविस्तर तक्रार पाठवली होती. कारकुनाने घातलेला स्वल्पविराम, त्याने झालेला अनर्थ, एका नर्सला तेलाऐवजी पातळ देण्याचा हास्यास्पद प्रकार, हे सर्व मी सोदाहरण मांडले होते आणि चूक दुरुस्त व्हावी अशी मागणी केली होती.

तीन महिन्यांनी चूक दुरुस्त झाली. पत्र अध्यक्षांच्या नावे आले. 'चौकशीअंती सदर पातळ चुकीने दिले गेल्याचे निष्पन्न झाले आहे. ते कोऱ्या स्थितीत सात दिवसांत जमा करावे. अन्यथा नियंत्रित मालाच्या अफरातफरीबद्दल कारवाई होईल.' तेलाबद्दल एक अक्षर नव्हते. अध्यक्षांनी त्याच दुपारी बाईंना कामावरून दूर केले. पातळ जमा होऊन कचेरीचे पत्र येईपर्यंत दवाखान्यात पाऊल ठेवू नये, असा लेखी हुकूम त्यांनी दिला. मी नऊ वर्षांत त्यांच्या हातचा पाहिलेला तो पहिला लेखी हुकूम.

भिमाजी माळ्याची सून मनकर्णा त्या वेळी दिवसांत होती. तिचे पहिले बाळंतपण माहेरी झाले होते. मूल गेले, आणि ती स्वतः चाळीस दिवस तापाने फणफणत होती. यंदा भिमाजीने तिला माहेरी पाठवले नव्हते, ते केवळ लिडियाबाईंच्या भरवशावर.

मी बाईंकडे गेलो आणि तक्रार मीच केल्याचे सांगितले.  त्या म्हणाल्या, "झुंबरबाईनं ते नेसून तीन महिने होत आले. कोरं कुठून आणायचं?"

"मी पुन्हा लिहितो. सर्व परिस्थिती स्पष्ट करून—"

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही आता काही लिहू नका."

त्यांनी ट्रंक उघडली. नाताळासाठी भावाने नगरहून पाठवलेले पातळ तिच्यात होते. त्याची घडी मोडलेली नव्हती. त्यांनी ते कागदात बांधून माझ्या हातात दिले. त्याचा काठ लाल होता. मंजूर झालेल्या पातळाचा हिरवा. मी ते बोलून दाखवले. बाई म्हणाल्या, "ज्यांना साबण आणि लुगडं वेगळं कळत नाही, त्यांना काठ काय कळणार? जा तुम्ही."

मी सायकलवर चौदा मैल गेलो. कारकुनाने कागद उचकटला, बोटाने घड्या मोजल्या. काठाकडे त्याने पाहिले नाही.

"पातळ ना?"

"पातळ."

त्याने पोच दिली. मी दवाखान्यासाठी पत्र मागितले. तो म्हणाला, ते टपालाने जाईल, साहेब दौऱ्यावर आहेत. मी त्याला सांगितले, की एका बाईचे दिवस भरले आहेत. त्याने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी चौथी जिन्नस मागितली.

परत आलो तेव्हा ऊन उतरले नव्हते. मनकर्णाला सकाळपासून कळा येत होत्या. अध्यक्षांना पोच दाखवली. ते म्हणाले, "ही पोच. हुकमात पत्र म्हटलंय. मी नियमाबाहेर जाणार नाही, गुरुजी; तुम्हीच तर नियमाची माणसं." हे त्यांनी मला ऐकवले.

लिडियाबाईंना ते सांगितले. त्या उठल्या, कोनाड्यातली साबणाची बाटली पदराखाली घेतली आणि म्हणाल्या, "हुकमात दवाखाना लिहिलाय. भिमाजीचं घर लिहिलं नाही."

भिमाजीच्या अंगणात त्याची बायको दारातच उभी होती. तिने बाटलीकडे बोट केले. "बाई, लोकं म्हंत्यात, ह्यात काय काय घालत्यात. खाटकाचं घर शेजारी..."

"करंजाचं तेल, केळीची राख, रिठे," बाई म्हणाल्या. "हवं तर चाखून बघा. मी रोज चाखते."

त्यांनी बोटावर थेंब घेऊन खरेच जिभेवर ठेवला. म्हातारी बाजूला झाली. आतून मनकर्णाचा आवाज आला, "आत्याबाई, येऊ द्या त्यास्नी. न्हाईतर मी हितनं उठून त्यांच्या दारात जाईन."

आत-बाहेर धावणाऱ्या बायकांपैकी हातावर पाणी घालायला कोणी मोकळी नव्हती. मी तांब्या उचलला. बाईंनी कोपरापर्यंत साबण चोळला, मी पाणी ओतले. पुन्हा चोळला, पुन्हा ओतले. मला वाटले झाले. "अजून एकदा, गुरुजी," त्या म्हणाल्या, आणि तिसऱ्यांदा धुऊन, हात वर धरून, खांद्याने दार लोटून त्या आत गेल्या.

दिवेलागणीच्या आधी मनकर्णाला मुलगी झाली. दहाव्या दिवसापर्यंत मी रोज शाळेत जाताना विचारत होतो. ताप आला नाही.

कचेरीचे पत्र एकविसाव्या दिवशी आले. तोपर्यंत अध्यक्षांनी, कामावरून दूर असताना परस्पर बाळंतपण केल्याबद्दल बाईंकडून खुलासा मागवला होता. बाईंनी खुलासा दिला नाही, राजीनामा दिला. तो त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला, दोन ओळींचा, आणि कोणाला दाखवला नाही.

याला आता पाच वर्षे होत आली. लढाई संपली, नियंत्रणे ढिली झाली. दवाखान्याच्या कपाटात आज साबणाच्या वड्या ओळीने रचलेल्या आहेत. नर्सची जागा मात्र रिकामी आहे. पंचांनी तीन वेळा जाहिरात दिली, आडगावी यायला कोणी तयार नाही. बाळंतिणी जातात लिडियाबाईंच्या घरी, आणि अडलेल्या बाईकडे त्या स्वतः जातात, कोणी पायली धान्य देते त्यावर. तेल झुंबरबाई पुरवते. पंच याला 'गावाची सोय झालेली आहे' असे म्हणतात, आणि इतिवृत्तात तसे लिहितात.